पट्टेवाल्याची जागा

साखर कारखान्याचे माजी अध्यक्ष धैर्यशीलराव यांची बासष्ट सालची निळी पिकअप माझे अण्णा चालवायचे. गेल्या आठवड्यात त्यांना अचानक ब्रेक दाबावा लागला आणि त्यांचं कपाळ काचेवर आपटलं. सात टाके पडले. तेव्हापासून साधं दार वाजलं तरी मी दचकते. आणि उद्या तीच गाडी आंबोलीचा घाट उतरणार होती.

गॅरेजमध्ये इस्माईल मिस्त्रींनी दोन्ही दारांमागच्या खांबांना आतून जाड पत्रा वेल्ड केला होता. आता भोकं पाडून खांद्यावरून येणारे सीटबेल्ट बसवायचे, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात अध्यक्ष आले.

"खांद्यावरून आडवा पट्टा? मला काय कारखान्यातला पट्टेवाला समजलात?"

मिस्त्रींनी ड्रिल खाली ठेवलं. अण्णा मान खाली घालून उभे राहिले. संपलं सगळं, असं वाटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, पट्टेवाला दाराबाहेर बसतो. पण हा पट्टा नसला, तर बाहेर तुम्ही जाल."

अध्यक्षांच्या मिशा थरथरल्या. "बसव रे इस्माईल. पण माझ्याच बाजूला. ड्रायव्हरला कशाला?"

अण्णा हळूच म्हणाले, "चल बाळा, जाऊ दे."

"चला," मी रडवेल्या आवाजात म्हटलं. "फक्त साहेब, घाटात अण्णा बाहेर फेकले गेले, की चालत्या गाडीत तुम्ही एकटेच उराल. घट्ट बांधलेले."

अध्यक्षांनी मिस्त्रींना दोन बोटं दाखवली.

ड्रिल दोन्ही बाजूंना वाजलं. दोन्ही वेळा मी दचकले.