न पाहता दिलेले मडके

एका गावात, नदीच्या वळणावर, एक कुंभार राहत होता. हैबती त्याचे नाव. रांजण, घागरी, पणत्या, सगळे तो घडवी. पण गावात त्याला मान होता तो वेगळ्याच कामाचा.

त्या राज्यात रीत अशी होती की माणूस गेला म्हणजे त्याच्या अंत्यविधीचे मडके कुंभाराने द्यायचे, आणि देण्याआधी मेलेल्याचे तोंड स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. मरण परगावी आले असेल तर तिथवर चालत जायचे. पाहिल्याशिवाय मडके द्यायचे नाही. वर्षातून चारदा राजाचा कारकून बैलगाडीतून गावाचे पुस्तक घेऊन येई. तो दुसऱ्या कोणाला काही विचारत नसे. कुंभाराला विचारी, "मडकी कोणाची दिलीस?" कुंभार नावे सांगे आणि कारकून ती नावे खोडी. नाव खोडले की माणूस मेला. त्याचे घर वारसाला जाई.

हैबतीच्या सात पिढ्यांत एकही मडके चुकले नव्हते.

त्याच गावात ठकूकाकी नावाची म्हातारी सुईण होती. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. पण गावातली अर्धी माणसे तिच्याच हातांत पहिल्यांदा रडली होती. एकदा घाटापलीकडच्या गावातून एका अडलेल्या बाळंतिणीसाठी तिला बोलावणे आले. काकी काठी टेकत निघाली. बाळंतीण सुटली, पण त्या गावात तापाची साथ आली आणि काकी तिथेच राहिली, आजाऱ्यांना पेज भरवत. एक महिना गेला, चार गेले.

मग एक बांगड्या विकणारा कासार घाट उतरून आला. काकीच्या पुतण्याशी बोलता बोलता तो म्हणाला, "पलीकडे फार माणसं गेली हो. एक म्हातारी सुईणही गेली म्हणतात."

"कोणती सुईण?" एवढे विचारले असते तर कळले असते. म्हणूनच पुतण्याने विचारले नाही. काकीचे घर त्याच्या घराला लागून होते, आणि त्याला तीन मुलगे होते.

तो रडतच कुंभाराकडे गेला. "काकी गेली. तिकडेच तिची माती झाली. इथे दर्भाची बाहुली करून अग्नी देतो. मडकं दे."

हैबतीची भट्टी त्या दिवशी रचून तयार होती. घाटापलीकडे जायचे म्हणजे तीन दिवस जायला आणि तीन यायला. तो मनाशी म्हणाला, सख्खा पुतण्या रडतो आहे, तो कशाला खोटे बोलेल? आणि त्याने मडके दिले.

नदीकाठी बाहुली जळली. तेराव्याला सगळा गाव जेवला. बुंदी चांगली झाली होती, असे लोक पुढे चार दिवस म्हणत होते. कारकून आला, त्याने नाव खोडले. पुतण्याने मधली भिंत फोडून दार केले.

आणि आठव्या महिन्यात ठकूकाकी परत आली.

तिने स्वतःच्या दाराची कडी वाजवली. पुतण्याची बायको बाहेर आली, तिने पाहिले, आणि दार लावून घेतले. मग आतून पुतण्याचा आवाज आला. "काकी, तुम्ही गेलात. आम्ही सगळं रीतीनं केलंय."

"मग ही बाहेर कोण उभी आहे रे?"

आतून दाराला अडसर लागला.

काकी देवळाच्या ओसरीवर जाऊन बसली. पाटील आले आणि चार हात लांब उभे राहिले. म्हणाले, "वाईट वाटतं काकी. पण पुस्तकात नाव खोडलंय. कारकून आला की बघू."

"आणि तोवर मी काय करायचं? मेलेल्या माणसाला भूक लागत नाही म्हणतात. मला तर लागलीय."

पाटील आपल्या वहाणांकडे बघत राहिले, आणि निघून गेले.

तुम्ही म्हणाल, गाव एवढा दुष्ट होता का? दुष्ट नव्हता. पण सगळे तेराव्याला जेवले होते. जिवंत माणसाच्या तेराव्याचे अन्न खाणे हे त्यांच्याकडे मोठे पाप. काकी जिवंत आहे म्हणावे, तर आपण काय खाल्ले ते कबूल करावे लागते. त्यापेक्षा तिच्याकडे न पाहणे सोपे होते. बायका पाणवठ्याची वाट बदलून जाऊ लागल्या. पुरुषांना देवळावरून जाताना आभाळात काहीतरी दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका तरण्या बाईला राहवले नाही. तिची तिन्ही बाळंतपणे काकीनेच केली होती. तिने पळसाच्या पानावर दहीभात आणला, ओसरीच्या कडेला ठेवला आणि मागे सरून हात जोडले. मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "काव, काव."

काकीने पान पुढे ओढले आणि घास घेतला. "शिवला गं कावळा," ती म्हणाली. "जा आता घरी. पोरं वाट बघत असतील."

ती बाई पदरात तोंड खुपसून गेली. तिसऱ्या दिवशीही भात आला, पण आणणारी थांबली नाही.

काकी कुंभाराच्या दारी गेली तेव्हा तो चाकावर घागर ओढत होता. त्याने मान वर केली नाही.

"हैबती, माझं तोंड पाहिलं होतंस का रे?"

चाक फिरत राहिले.

"भांडायला नाही आले मी. कारकून परवा येतोय. एवढंच सांग त्याला, पाहिलं नव्हतं म्हणून. मला माझ्या घरात मरायचंय बाबा, देवळात नको."

"काकी, सात पिढ्या..." हैबती बोलला. हातातली घागर वाकडी झाली.

"बरं," काकी म्हणाली आणि गेली.

कारकून आला. पारावर पुस्तक उघडले. सगळा गाव जमला होता, पण कोणी कोणाकडे बघत नव्हते. काकी पुढे येऊन म्हणाली, "मी जिवंत आहे. माझं नाव परत लिहा."

कारकून वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "आजी, मला दिसतंय. पण मी डोळ्यांनी लिहीत नाही, कुंभाराच्या शब्दानं लिहितो. काय रे, हिचं मडकं दिलंस?"

"दिलं."

"तोंड पाहिलं होतंस?"

हैबतीने समोर बघितले. सगळा गाव त्याच्याकडे बघत होता, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच विनवणी होती: बाबा, आमचे जेवण झाकून ठेव.

"पाहिलं होतं," तो म्हणाला.

काकी त्याच्यावर ओरडली नाही. तिने नुसती मान खाली घातली. चोरी त्याची होती आणि लाज तिला वाटली. कारकुनाने पुस्तक बांधले. "मग ही बाई कोणीतरी दुसरी असेल," असे म्हणून तो गाडीत बसला, आणि गाडी पुढच्या गावाला लागली.

हैबती घरी आला. त्याची म्हातारी आई अंगणात माती मळत बसली होती. तिला सगळे कळले होते. तो बाजूला बसला तरी तिने हात थांबवले नाहीत.

"तू झालास तेव्हा रडला नाहीस," ती म्हणाली. "निळा पडला होतास. सगळ्या म्हणाल्या, मेलेलंच झालं. तुझ्या बापानं कुदळ उचलली. ठकू दाराला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, थांबा, मी अजून नीट पाहिलं नाही."

"मग?"

"मग भात शिजायला लागतो तितका वेळ ती तुला चोळत होती, फुंकत होती. तुझा बाप दाराबाहेरून म्हणाला, ठकूवहिनी, पुरे आता. ती म्हणाली, पुरे कधी ते मी सांगेन."

आईने मातीचा गोळा उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा मळायला घेतला. हैबतीला वाटले, तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

तो उठला आणि हात न धुताच पळत सुटला. दोन कोसांवर ओढ्यात बैल पाणी पीत होते, तिथे त्याने गाडी गाठली.

"परत चला," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

"इथंच सांग की. मी इथंच लिहितो."

"नाही. खोटं तिथं बोललो, खरंही तिथंच बोललं पाहिजे."

गाडी परत आली. दुपार कलली होती. लोक पुन्हा पारावर जमले. हैबतीच्या हातांची माती वाळून तडकली होती. तो उभा राहिला. मग म्हणाला, "मी काकीचं तोंड पाहिलं नव्हतं. माझी भट्टी रचलेली होती. घाट चढायचा कंटाळा केला. मडकं दिलं. आणि सकाळी तुमच्या सगळ्यांसमोर खोटं बोललो."

कारकून म्हणाला, "मडकं देण्याचा मान जाईल तुझा. तुझ्या मुलांकडूनही जाईल."

"जाऊ दे."

मग पाटलांनी पागोटे काढून हातात घेतले. "मीही तेराव्याला जेवलो," ते म्हणाले. "बुंदी दोनदा मागून घेतली." मग दुसरा बोलला, मग तिसरी. जिने भात ठेवला होता ती बोलू शकली नाही. ती जाऊन काकीच्या शेजारी बसली. पुतण्या सगळ्यात मागे होता. त्याने कंबरेची किल्ली काढली आणि काकीच्या पायाशी ठेवली. तिने ती उचलली, आणि त्याला एवढेच म्हणाली, "ते भिंतीतलं दार बुजव. मला वारा लागतो."

खोडलेले नाव पुन्हा लिहायला त्या पानावर जागा नव्हती. कारकुनाने ते शेवटच्या पानावर लिहिले, त्या वर्षी जन्मलेल्या पोरांच्या ओळीत.

मान शेजारगावच्या कुंभाराकडे गेला. हैबती घागरी आणि रांजण करत राहिला. पूर्वी त्याच्याकडचे मडके कोणी वाजवून घेत नसे. हैबतीचे म्हणजे पक्केच, असे म्हणत. आता लोक प्रत्येक घागर दोनदा वाजवत, कानाशी धरत. हैबती मान खाली घालून तो टणटण आवाज ऐकत उभा राही. आपल्याला हे लागूच आहे, असे त्याला वाटे, तरी दर वेळी कान तापत.

एक दिवस ठकूकाकी आली. तिने एक घागर उचलली आणि बोटाच्या पेराने वाजवली. हैबतीचा चेहरा उतरला. त्याला वाटले होते, निदान काकी वाजवणार नाही.

काकीच्या ते लक्षात आले. ती म्हणाली, "वाजवून घेतलं म्हणून वाईट वाटतं होय रे? मी एवढी पोरं आणली जगात, एकही पाठीत न वाजवता आईच्या कुशीत दिलं नाही. तुला तर सगळ्यांत जास्त वाजवलंय."

हैबतीला हसू आले, आणि हसता हसता डोळे भरले. त्याने घागर काकीच्या हातून काढून घेतली, पुन्हा एकदा स्वतः वाजवली, आणि मग तिच्या कंबरेवर नीट ठेवून दिली.

तात्पर्य: कोणाच्या जगण्यामरण्याबद्दल ऐकीव शब्दावर 'हो' म्हणू नये. आणि म्हटलेच असेल, तर चारचौघांत चूक सांगण्याची लाज सोसावी. ती कान तापवते. गप्प बसण्याची लाज दुसऱ्याला जिवंतपणी मारते.