ती श्वास कुठे घेते?

रविवार, दुपारी साडेतीन. वसईजवळ भुईगाव. बस्त्याव तुस्कानो यांच्या घराची पुढची खोली. दार उघडं, खिडक्या उघड्या, मागे केळीची बाग.

हे आधीच सांगतो, कारण म्हाताऱ्याने खोली बंद करून शिष्याचा गळा दाबला, असं आता काही लोक सांगत फिरतात. ते लोक तिथे नव्हते. मी होतो. जुन्या हॉटेल-बँडमधल्या वादकांवर लिहायचं म्हणून गेलो होतो. गळ्याला हात लागला नाही. जे घडलं ते त्याहून भयंकर होतं.

"मग जॅझ, फंक आणि सोल एकत्र का नांदू शकत नाहीत, अंकल?" शार्दूल विचारत होता.

शार्दूल खोपकर पुण्याचा. क्लबांमध्ये हाउस म्युझिक वाजवतो, कॉम्प्युटरवर स्वतःचं तयारही करतो. दोन वर्षं दर रविवारी बस्त्यावकडे बेस गिटार शिकायला येत होता. हुशार. आणि आपण हुशार आहोत हे न विसरणारा.

त्या शुक्रवारी त्याचं गाणं बाहेर पडणार होतं. सुरुवातीला बस्त्यावच्या आवाजात एकच वाक्य हवं होतं : हा माझा शिष्य. त्यासाठी त्याने टेबलावर माइक लावला होता, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू ठेवलं होतं.

ते वाक्य बस्त्याव काही केल्या बोलत नव्हता.

"नांदू शकत नाहीत असं कोण म्हणालं?" बस्त्याव म्हणाला. "हॉटेलात आम्ही तिन्ही वाजवायचो. लोक जेवायला बसले की जॅझ. पोटं भरली की फंक, म्हणजे ते नाचायला उठायचे. आणि शेवटी जे एकटेच ग्लास धरून उरायचे, त्यांच्यासाठी सोल, काळीज पिळणारी गाणी."

"मी तिन्ही एकाच वेळी देतो."

"म्हणजे जेवायचं, नाचायचं आणि रडायचं एकदम? घास अडकेल रे कोणाच्या तरी घशात."

शार्दूल हसला. "हाउसमध्ये खाली चार ठोके असतात ना. सरळ, न थांबणारे. त्यांच्यावर जॅझच्या कॉर्ड्स, फंकचा बेस, सोलचा आवाज. ठोका सगळ्यांना धरून ठेवतो. आणि अंकल, माल तुमचाच आहे. तुमच्या बँडची ती एकुलती एक रेकॉर्ड मला चोरबाजारात मिळाली, तिच्यातलेच तुकडे कापून घेतलेत. कव्हर पाठ आहे माझं. ड्रम्सवर इनास, पियानोवर नेल्सन, ट्रम्पेटवर जोकीम, बेसवर तुम्ही."

"लाव," बस्त्याव म्हणाला.

गाणं सुरू झालं.

म्हातारा नाक मुरडेल असं मला वाटलं होतं. त्याचा पाय ठोक्यावर पडू लागला. मग खांदे हलले. स्वतःचाच पन्नास वर्षांपूर्वीचा बेस ऐकून तो खुर्चीतून उठला आणि त्याने लुंगी सावरत चक्क दोन गिरक्या घेतल्या.

"भारी आहे रे, पोरा! हे आम्हाला सुचायला हवं होतं."

शार्दूलने माझ्याकडे पाहिलं. लिहून घ्या, असं ते पाहणं होतं.

मग आवाज आला. एका बाईचा. शब्द नव्हते, नुसता आकार, आऽऽ. खालून वर चढणारा, वर गेल्यावर जरा चिरकणारा. तोच तुकडा पुन्हा. पुन्हा. पुन्हा...

बस्त्यावचा पाय थांबला.

"ही श्वास कुठे घेते?"

"काय?"

"गाणारी. श्वास कुठे घेते?"

"अच्छा, ते. ते मी कापलं. प्रत्येक आकाराआधी मोठा श्वास होता, हंऽऽ करून. साफ केला. सगळेच करतात, अंकल. नॉइज असतो तो."

बस्त्यावने टेबलावरचा माइक शार्दूलकडे वळवला.

"उभा राहा," तो म्हणाला. "माइकपुढे. तिच्याबरोबर गा."

"मी? माझा आवाज म्हणजे..."

"गा. ती श्वास घेईल तिथे तूही घे. बाकी कुठे नाही."

गुरूची लहर, अशा थाटात शार्दूल उभा राहिला. हेडफोन लावले. गाऊ लागला. पहिला आकार बरा निघाला. दुसऱ्याला मान ताठ झाली. तिसऱ्याला चेहरा लाल. हेडफोनमध्ये ती मात्र गातच होती. तिला थांबायची मुभा त्यानेच ठेवली नव्हती.

त्याने श्वासासाठी तोंड उघडलं.

आणि बस्त्यावने आपला रुंद पंजा त्याच्या नाकातोंडावर घट्ट दाबला.

"तिने घेतला का?"

मी खुर्चीवरून उठलो. अनेक वर्षं बातमीदारीत दंगली, लाठीमार, पोलीस कोठड्या पाहिल्यात. पण ज्या हाताने मला नुकताच चहा दिला, तोच हात एका तरुणाचा श्वास अडवताना पाहून मला पुढे व्हायचंही सुचलं नाही.

शार्दूलचे डोळे मोठे झाले. धट्टाकट्टा माणूस, ढकललं असतं तर म्हातारा भिंतीवर आदळला असता. त्याने ढकललं नाही. गुरूचा हात होता. त्याचे दोन्ही हात हवेत नुसते उघडे राहिले.

"तिने घेतला का?"

"अहो, सोडा त्याला!" मी ओरडलो. "मरेल तो!"

बस्त्यावने हात काढला.

शार्दूलने श्वास घेतला. तसला आवाज मी माणसाच्या छातीतून आलेला ऐकला नव्हता. तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला, खोकला, डोळ्यांतून पाणी आलं.

"डोकं फिरलंय तुमचं?" तो कसाबसा म्हणाला. "दोन वर्षं पाया पडतोय मी तुमच्या!"

"मशीन चालू होतं?"

"काय?"

"ते मशीन. चालू होतं?"

"...हो."

"ऐकव."

मी पोलिसांत जायचं म्हणत होतो. ते दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. शार्दूलने शेवटचा भाग लावला. हंऽऽ.

"हा घाल गाण्यात. तिच्या आकाराआधी."

शार्दूल रागातच होता, पण हात कामाला लागले. तुकडा कापला, ठोक्यावर बसवला, लावला.

चार ठोके. श्वास. मग ती बाई.

ती आता खोलीत होती. एवढंच म्हणता येईल. माझ्या अंगावर काटा आला, आणि शार्दूलच्या चेहऱ्यावरचा राग तसाच राहून त्याच्यामागे काहीतरी दुसरंच आलं.

"बसतोय," तो पुटपुटला. "च्यायला... काय बसतोय हा!" मग छाती चोळत हसला. "हे असंच जाऊ दे शुक्रवारी. पण अंकल, आता तुमच्या शेजारी माझंही नाव छापणार. बेस, बस्त्याव तुस्कानो. श्वास, शार्दूल खोपकर."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"श्वास ठेव. नाव नको."

"का? माझा आहे तो!"

बस्त्याव खुर्चीत बसला. लुंगीवरची सुरकुती हाताने सपाट करू लागला.

"नॉइज असतो तो," तो म्हणाला.

"जीव जायची वेळ आली होती माझी! माझ्या छातीतून निघालाय, आणि त्यावर नाव नको? इनासचं चालतं, नेल्सनचं चालतं, जोकीमचं चालतं, तुमचं..."

तो थांबला.

लॅपटॉपवर गाणं सुरूच होतं. चार ठोके. श्वास. ती बाई...

पाठ केलेलं कव्हर तो मनातल्या मनात पुन्हा वाचत असावा. त्याचे ओठ हलत होते. ड्रम्स. पियानो. ट्रम्पेट. बेस.

"अंकल..." त्याचा आवाज एकदम खाली आला. "मग गायलं कोण?"

लुंगी सपाट करणारा बस्त्यावचा हात थांबला.

"कव्हर छापून आलं," तो म्हणाला, "तेव्हा तिनेही हेच विचारलं होतं."