बाळंतिणीच्या शेगडीतला कार्बन

अणू अजून बोलत असत, त्या काळातली गोष्ट. एका बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी पेटवली होती आणि तिच्या कोळशात एक कार्बन होता. त्याला हात चार. ते भरले नाहीत, तर त्याचा जीव थाऱ्यावर राहत नसे. ऑक्सिजनला हात दोन. असे दोन ऑक्सिजन भेटले की कार्बन शांत होई आणि मुकाट खिडकीबाहेर निघून जाई.

पण बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून तिच्या सासूने, गोदाक्कांनी, खिडकीच्या फटीतही चिंध्या कोंबल्या होत्या. कार्बनला एकच ऑक्सिजन मिळाला.

“दुसरा कुठाय?”

“खोलीत आता उरलेत कुठे? थांब जरा.”

“रिकाम्या हातांनी नाही थांबवत रे!”

ऑक्सिजनला ओढतच तो बाळंतिणीच्या श्वासातून आत शिरला. तिच्या रक्तातलं लोह दिसताच त्याने ते घट्ट धरलं. त्याच लोहावर बसून रोज आत जाणारे ऑक्सिजन ताटकळले.

“सोड, तिचा जीव जाईल!” ते विनवू लागले.

“मी कुठे मारतोय?” कार्बन म्हणाला. “मी तर नुसतं धरलंय.”

गोदाक्कांनी दारातून डोकावून पाहिलं. “मायलेकरांना कशी गाढ झोप लागलीये,” त्या पुटपुटल्या आणि त्यांनी दारही ओढून घेतलं.