सागवानी कपाटाची नवी दारे

फार वर्षांपूर्वी वत्सलाबाईंच्या स्वयंपाकघरात एक सागवानी कपाट होते. ओलीने त्याची दारे फुगली, तेव्हा चैत्रगौर बसवण्याआधी नवेच कपाट करायचे ठरले. सुतार आला. त्याची लाकूड तासायची पटाशी हसली, "आजोबा, चला आता बंबात जळायला!"

कपाट ऐटीतच म्हणाले, "पोरी, तोंड बघून काय बोलतेस? आत टोचून बघ."

पटाशी दारात सहज रुतली. मग सुताराने ती आतल्या चौकटीवर मारली, तर तिचीच धार बोथटली.

"बाई, हा सांगाडा मोडला तर मला पाप लागेल," सुतार म्हणाला. "नुसती दारे बदलू."

नव्या दारांना वत्सलाबाईंनी हळदकुंकू लावले. पटाशी वरमून म्हणाली, "आजोबा, नवरदेव दिसताय!"

"दिसणारच! पण या कोवळ्या दारांना सांभाळायचं मलाच आहे हो."