डोंगरासकट जा!

कारखानदार भाऊसाहेब रणनवरे जिल्हा उद्योग केंद्रात आले की आधी टेबलावर मूठ आपटायचे. जमीन अर्ध्या दरात मिळाली, विजेची सवलत मिळाली. आता दहा वर्षांची करमाफी हवी होती. "नाहीतर फरशीचा कारखाना शेजारच्या राज्यात नेतो!"

ही धमकी ऐकून अधिकारी कोपर्डेबाईंचे कान किटले होते. त्यात वरिष्ठांनी बजावलेलं, 'ते गेले तर जाब तुम्ही द्यायचा.'

बाईंनी रणनवऱ्यांचाच अर्ज काढला. 'हीच जागा का?' या रकान्यातलं त्यांचं उत्तर मोठ्याने वाचलं, "असा काळा दगड म्हसोबाच्या डोंगराखेरीज कुठेही मिळत नाही."

"खुशाल जा, भाऊसाहेब. डोंगर तेवढा सोबत न्या. त्याच्या वाहतुकीला शंभर टक्के अनुदान देते!"