हत्तीदरवाज्याची मसलत

हिरडगडाचा हत्तीदरवाजा नऊ महिने झाले तरी कमरेएवढाच उभा होता, आणि दसरा दोन महिन्यांवर आला होता. दसऱ्याला अंबारीत बसून त्या दरवाज्यातून मिरवायचं, असं उदाजीराव महाराजांनी ठरवलं होतं. महाराजांनी एकदा ठरवलं की ते बदलायची हिंमत खुद्द महाराजांनाही होत नसे.

कामावरची माणसं काही ऐरीगैरी नव्हती. गवंड्यांचे नाईक हैबती, सुतारांचे धोंडजी, लोहारांचे रायबा आणि या तिघांचा मेळ घालायला कारभारी त्र्यंबकपंत. रोज सकाळी चौघांची मसलत बसे. पानसुपारी होई. मग हैबती म्हणत, "कमान चढवायला मी कधीचा तयार आहे, तिला खालून पेलायला सुताराचा लाकडी साचा येऊ दे." धोंडजी म्हणत, "साचा झालाच समजा, तो आवळायला लोहाराच्या पट्ट्या येऊ देत." रायबा म्हणत, "पट्ट्यांना काय वेळ लागतो? गवंड्याने माप द्यावं." पंत हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेत आणि उद्याच्या मसलतीची वेळ ठरवत. तोवर जेवणाची वेळ होई. एकमेकांविषयी आदर एवढा, की दुसऱ्याच्या आधी काम सुरू करून त्याला कमीपणा आणणं कोणालाच प्रशस्त वाटत नसे.

शेवटी महाराजांनी चौघांना दरबारात उभं केलं. "उशीर कोणामुळे झाला?"

नऊ महिन्यांत पहिल्यांदाच चौघांचं एकमत झालं. "मसूमुळे, महाराज. त्याचा चुना कच्चा आहे."

मसू घाणीवर चुना मळायचा. गोल चरात रेड्यांच्या जोडीने दगडी चाक फिरवायचं आणि चुना-वाळू एकजीव करायची, हे त्याचं काम. मसलतीला त्याला कधीच बोलावलं नव्हतं, त्यामुळे दोष द्यायला तो फारच सोयीचा होता. महाराजांनी हुकूम सोडला की मसूने बिऱ्हाड उचलून शिवेबाहेर चालू लागावं.

मसूला दरबारात आणून हुकूम ऐकवला गेला. त्याच्याबरोबर आलेली त्याची मुलगी गोजरी पुढे झाली.

"महाराज, कमानीसाठी मळलेला चुना सहा महिने खड्ड्यात पडून आहे. त्यातला गोळाभरही कोणी उचलला नाही. तो कच्चा आहे हे या मोठ्या माणसांनी चाखून ओळखलं का?"

"चार जाणती माणसं एक सांगतात आणि तू एकटी दुसरं," महाराज म्हणाले. "बरं, चौघांपैकी प्रत्येकाने आपल्या तोंडाने 'उशीर माझ्यामुळे झाला' असं कबूल केलं, तर तुझा बाप राहील. धाक नाही, मारहाण नाही. मुदत सूर्यास्तापर्यंत."

दरबारात खसखस पिकली. त्या चौघांनी आजवर पाय घसरला तरी जमिनीला बोल लावला होता.

"सूर्यास्त कशाला?" गोजरी म्हणाली. "हत्तीचं पाणी पिऊन झालं की येते."

दुपारी ती खांद्यावर एक लांबलचक बांबू घेऊन परतली. त्यावर दोन ठिकाणी लाल चिंधी बांधली होती.

"महाराज, हत्ती रोज आमच्या घाणीशेजारच्या तळ्यावर येतो. आज माहुताला विनवून त्याच्यावर अंबारी चढवली आणि मोजली. खालची चिंधी आहे कमानीची ठरलेली उंची, दहा हात. वरची चिंधी अंबारीच्या कळसाची, बारा हात. दरवाजा वेळेवर झाला असता, तर दसऱ्याला कळस कमानीवर आपटला असता. आणि कळसाखाली आपण बसला असता."

महाराजांचा हात आपोआप पागोट्याकडे गेला. मग त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला.

"ज्याने हे काम अडवून धरलं, त्याने माझा जीव वाचवला. कोण तो?"

मग हैबतींनी घसा साफ केला. "स्वतःच्या तोंडाने सांगू नये, महाराज, पण लोहाराला माप मी मुद्दामच दिलं नाही."

"मापाचं काय घेऊन बसलात?" धोंडजी उसळले. "साच्याचं लाकूड चार महिने माझ्या पडवीत पडून आहे. मी रंधा लावला नाही म्हणून कमान थांबली!"

"आणि पट्ट्या?" रायबा म्हणाले. "माझा भाता फाल्गुनापासून थंड आहे. कोणालाही विचारा."

त्र्यंबकपंत आधी हे सगळं नुसतं लिहून घेत होते. पण मोत्यांचं पाणी त्यांच्या डोळ्यांत उतरलं. नऊ महिन्यांचे कागद छातीशी धरून ते म्हणाले, "महाराज, या तिघांना रोज जेवणवेळेपर्यंत मसलतीत गुंतवून कोणी ठेवलं? या सेवकाने!"

गोजरीने बांबू भिंतीला टेकवला. "चौघे झाले, महाराज. मोजून घ्यावे."

तेव्हा कुठे चौघांच्या ध्यानात आलं. महाराजांनी कंठा पुन्हा गळ्यात घातला. पंतांनी मात्र अजून हार मानली नव्हती. "पण महाराज, दहा हात हे चुकीचं माप दिलं कोणी? खरा दोषी तोच!"

महाराज गरजले, "बरोबर! कोणी दिलं? सांग, पोरी."

सगळा दरबार आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. गोजरी म्हणाली, "त्या पाचव्यांचं नाव मी घेत नाही, महाराज. सूर्यास्ताला अवकाश आहे. त्यांनीच आपल्या तोंडाने सांगावं."

महाराजांनी भुवया आक्रसल्या. गेल्या दिवाळीत अंबारी नसलेल्या हत्तीकडे बोट दाखवून "दहा हात पुरे" असं कोण म्हणालं होतं, ते त्यांना हळूहळू आठवलं. मग ते एवढे हसले, की पागोटं सावरायला हुजऱ्याला धावावं लागलं.

"माप माझंच!" ते म्हणाले. "मसू इथेच राहील, आणि या कामावर आता त्याचा शब्द चालेल. पोरी, हा कंठा घे. आणखी काय हवं?"

"एवढंच, की उद्यापासून यांची मसलत आमच्या घाणीवर बसावी."

"घाणीवर? का?"

"आमचे रेडेही दिवसभर गोल गोल फिरतात, महाराज. पण संध्याकाळपर्यंत चुना निघतो."