शिदबानं मास्तरांना विचारलं

पिंपळसोंडीत एक पाटकरी राहायचा. पाटकरी म्हणजे कालव्याचं दार उघडून ज्याच्या त्याच्या शेताला पाणी सोडणारा माणूस. त्याचं नाव शिदबा. वय चाळिशीचं, अंगानं रेड्यासारखा, आणि मनानं इतका भोळा की कोणी ‘जरा थांब’ म्हटलं तर ‘किती थांबू?’ असं विचारून मग थांबायचा.

एकदा एका शेतकऱ्यानं त्याला सांगितलं, “मी येईस्तोवर पाणी चालू ठेव.” एवढं बोलून तो सासुरवाडीला गेला आणि चार दिवसांनी परतला. तेव्हा त्याच्या उसात बदकं पोहत होती आणि शिदबा बांधावर उपाशी बसला होता.

“आलासा? मग करू बंद?” शिदबानं विचारलं.

सगळं गाव हसलं. हसले नाहीत ते एकटे रावजी मास्तर.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. गावची नाटक मंडळी तेच चालवायचे. नाटक त्यांनीच लिहिलेलं, बसवलेलंही त्यांनीच, आणि त्यातला राजा शूरकेतूही तेच. शेवटच्या प्रवेशात राजा विष पितो आणि मरायला चांगला पाव तास घेतो. मंडळीतला आधीचा पडदेवाला हुशार होता. एकदा राजा मरता मरता त्याला कंटाळा आला, म्हणून त्यानं अर्ध्यातच पडदा पाडला आणि म्हशीची धार काढायला घरी गेला. तेव्हापासून मास्तर माणूस शोधत होते.

“मला डोकं चालवणारा नको,” ते शिदबाला म्हणाले. “सांगितलं तेवढंच करणारा हवा. येशील का?”

शिदबाला आजवर कोणी कशात बोलावलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

“काम सोपं आहे,” मास्तर म्हणाले. “ही दोरी. राजा पडला की पडदा पाडायचा. ध्यानात ठेव.”

“व्हय मास्तर. ठेवलं.”

आणि त्यानं ते खरंच ध्यानात ठेवलं.

पहिला खेळ काजूरवाडीच्या जत्रेत, दुपारचा. पडदा उघडला. राजा आला. त्यानं मिशीला पीळ दिला आणि सिंहासनावर बसला. सिंहासन म्हणजे शाळेतली जुनी खुर्ची, वरून सोनेरी कागद. तिचा एक पाय कडकन मोडला. सिंहासन एका अंगानं खाली बसलं आणि राजा दुसऱ्या अंगानं पडला.

राजा पडला, म्हणून शिदबानं पडदा पाडला.

मास्तर कंबर धरून उठेपर्यंत लोक टोप्या झटकून शर्यती बघायला निघून गेले होते. राजा आला, बसला, पडला, संपलं. दोन म्हातारे जाता जाता म्हणाले, नाटक बरं होतं, उगाच लांबण नव्हती.

मास्तरांनी शिदबाला बाजूला घेतलं. “अरे, राजा मेला की पडदा पाडायचा. काही मोडलं तर पाडायचा नसतो. खेळ चालू राहिला पाहिजे. काहीही खाली बसलं, की गुपचूप त्याच्या खाली शिरायचं आणि खांद्यानं वर उचलून धरायचं. ध्यानात ठेव.”

“व्हय मास्तर. ठेवलं.”

दुसरा खेळ तळेवाडीला. सिंहासनाला नवा पाय बसवला होता. शिदबा दोरी सोडून त्या पायाकडेच बघत बसला. पाय काही मोडेना. मोडला तो माईक. दुसऱ्याच प्रवेशात त्यातून कोंबडं दाबल्यासारखा आवाज आला आणि तो गप्प झाला. मास्तर शाळेतले. माईक गेला तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायला हवं, म्हणून त्यांनी बेंबीच्या देठापासून भाषण सुरू केलं. दहा मिनिटांत त्यांचा घसा चरचरायला लागला.

पेटीवाले अण्णा विंगेत बसले होते. ते हळहळून म्हणाले, “बसला. मास्तरांचा आवाज बसला.”

शिदबा उठला. काहीही खाली बसलं की काय करायचं ते त्याला पाठ होतं. तो चवड्यांवर सरकत दरबारात गेला, मास्तरांच्या मागून त्यांच्या दोन पायांत डोकं घातलं आणि त्यांना खांद्यावर घेऊन उभा राहिला.

मास्तरांचा मुकुट मंडपाच्या कापडाला टेकला. ते ‘प्रजाजनहो’ म्हणत होते. त्यांनी तेच वाक्य वरून पुरं केलं. तेवढ्यात राणी आत आली. राणीचं काम गावात शिवणकाम करणारी मालन करायची. तिनं खालून वर बघितलं.

“महाराज, स्वारी कुठं निघाली?” ती म्हणाली. दुसरं तिला काही सुचलं नाही.

“मास्तर, आला का वर?” शिदबानं खालून हळूच विचारलं.

“काय?”

“आवाज.”

खेळ संपल्यावर मास्तर गरम पाण्याच्या गुळण्या करत होते. गुळण्यांच्या मधून त्यांनी सांगितलं, “शिदबा, माणसाला असं उचलायचं नसतं. माझं बोलणं लोकांपर्यंत पोचत नाही असं वाटलं, तर तू पडद्याआडून मोठ्यानं सांगायचं. जे जे लोकांपर्यंत पोचत नाही ते ते सांगायचं. ध्यानात ठेव.”

“व्हय मास्तर. ठेवलं.”

तिसरा खेळ भातगावला, तांदळाच्या गोदामात. दुपारचं ऊन होतं, पण शटर ओढल्यावर आत मिट्ट काळोख, म्हणून चार मोठे दिवे लावले होते. माईक नवा होता. मास्तरांचा आवाज शेवटच्या पोत्यापर्यंत जात होता. सगळं छान चाललं होतं आणि फ्यूज उडाला.

अंधार पडला. नाटकातली माणसं जिथल्या तिथं थांबली. लोकही शांत राहिले, येईल आता लाईट म्हणून. शिदबा मात्र अस्वस्थ झाला. मास्तर दिसत नव्हते. मालन दिसत नव्हती. लोकांपर्यंत काहीच पोचत नव्हतं. त्याच्या हाताशी बॅटरी होती. ती त्यानं विंगेतून स्टेजच्या जमिनीलगत धरली, त्याला एकट्याला दिसेल इतपत, आणि घसा खाकरला.

“राजानं मुकुट काढलाय,” त्यानं मोठ्यानं सांगितलं. “राजा टक्कल खाजवतोय.”

गोदामात खसखस पिकली.

“राणी खाली बसली. राणीनं कनवटीची भजी काढली. राणी भजी खातीया. राजानं हात फुडं केला. राणी देईना.”

“शिदबा,” अंधारातून मास्तरांचा दबका आवाज आला.

“राजा शिदबा म्हनला,” शिदबानं लोकांना सांगितलं.

“गप बस.”

“राजा गप बस म्हनला. आता दिली. राणीनं एक भजं दिलं. बारकं दिलं.”

लाईट आली तेव्हा राजाच्या तोंडात भजं होतं आणि लोक पोत्यांवर लोळत होते.

मध्यंतरात मास्तरांनी शिदबाला शांतपणे समोर बसवलं. शाळेत असताना ते असेच बसवायचे. “अंधार झाला तर बोलायचं नाही. एक शब्द नाही. ही गॅसबत्ती इथं पेटवून ठेवलीय. अंधार झाला, की ही उचलायची आणि माझ्या तोंडापुढं धरायची. मी जिथं वळेन तिथं बत्ती वळली पाहिजे. ध्यानात ठेव.”

“व्हय मास्तर. ठेवलं.”

पुढचे प्रवेश सुरळीत झाले. मघाशी हसलेले लोक आता रंगले. राजानं विष घेतलं. राजा कोसळला. राणीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. चारही दिवे लख्ख जळत होते.

“राणी,” राजा म्हणाला, “माझ्या डोळ्यांपुढं अंधार होतोय.”

शिदबानं दिव्यांकडे बघितलं. जळत होते. पण मास्तर अंधार झाला म्हणाले होते, आणि मास्तरांपेक्षा दिव्यांचं ऐकावं असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो बत्ती घेऊन गेला, उकिडवा बसला आणि ती राजाच्या तोंडापुढं धरली. राजानं डावीकडे मान वळवली, बत्ती डावीकडे गेली. राजानं उजवीकडे वळवली, बत्ती उजवीकडे. धग लागून मिशीचा डिंक सुटला आणि अर्धी मिशी हनुवटीवर उतरली. राजा पाव तास मरायचा, तो त्या दिवशी दीड मिनिटात मेला.

एवढं होऊनही भातगावच्या लोकांना नाटक आवडलं. त्यातल्या एकाचा मेहुणा तालुक्याच्या नाट्यगृहात कामाला होता. त्याच्याकडून पंधरा दिवसांत बोलावणं आलं. खरं नाट्यगृह, मखमलीचा पडदा, समोर पाचशे खुर्च्या. मास्तर तीस वर्षं या पत्राची वाट बघत होते. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला.

“शिदबाला घरी ठेवा,” अण्णा म्हणाले. मालनही तेच म्हणाली.

शिदबा दाराशी उभा राहून टोपी पिळत होता. त्याला वाईट वाटलं, पण तो काही बोलला नाही. बोलायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. “तो सांगितलेलंच करतो,” ते म्हणाले. “चूक माझ्या सांगण्यात आहे. या वेळी असं सांगतो की घोटाळा व्हायला जागाच नको. शिदबा, काहीही बिघडलं, काहीही झालं, तरी आधी मला विचारायचं. मी सांगेन ते करायचं. मला विचारल्याशिवाय काही म्हणजे काही करायचं नाही. ध्यानात ठेव.”

“व्हय मास्तर. ठेवलं.”

तालुक्याला खेळ सकाळी अकराचा. पाचशे खुर्च्या भरल्या. नाट्यगृहातला पडदा दोरीचा नव्हता, बटणाचा होता. शिदबाला बटण दाखवलं, ते कधी दाबायचं ते सांगितलं. मास्तर त्या दिवशी असे रंगले की अण्णांची बोटं पेटीवर थांबायची. सिंहासन टिकलं, माईक टिकला, दिवे टिकले. राजा पाव तास नाही, वीस मिनिटं मेला. शेवटची उचकी दिली, हात खाली पडला. लोक श्वास रोखून बसले. शिदबानं बटण दाबलं.

पडदा हातभर आला, घुरघुरला आणि अडकला.

शिदबानं परत दाबलं. पडदा हलेना. काहीतरी बिघडलं होतं. तो विंगेतून निघाला, धोतर-बंडीत स्टेजवर आला आणि मेलेल्या राजाच्या कानाशी बसला.

“मास्तर, पडदा अडकलाय. काय करू?”

राजा मेलेला होता. मास्तरांचा एक नियम होता, पडदा मिटेपर्यंत मेलेल्या माणसानं हलायचं नाही. ते हलले नाहीत.

“मास्तर, तुम्हीच म्हनलात इचारल्याबिगार काही करू नको. म्हणून इचारतोय.”

समोर पाचशे माणसं बघत होती. मास्तरांनी ओठ न हलवता दातांतून सांगितलं, “मी मेलोय.”

शिदबा दचकला. त्यानं मास्तरांकडे नीट बघितलं. तोंड निळं होतं, हात गार होता. ते निळं मालननं फासलेलं होतं आणि गार वरच्या पंख्यानं झालं होतं, पण शिदबाला दिसलं ते एवढंच. आणि मास्तर कधी खोटं बोलत नसत. आख्ख्या गावात न हसलेला हा एकच माणूस होता.

तो उठला, डोळे पुसत माईकपुढं गेला.

“मंडळी,” तो म्हणाला, “आमचं मास्तर गेलं. आत्ताच मला सोता म्हनलं.”

कोणी हसलंही असतं, पण त्याच्या गालांवरून खरं पाणी वाहत होतं. पहिल्या रांगेतले पाहुणे उठून उभे राहिले. मग मागची रांग उठली, मग सगळं नाट्यगृह. मालननं असा हंबरडा फोडला, की तसा तिला तालमीत कधी जमला नव्हता. शिदबा परत मास्तरांपाशी आला.

“मास्तर, आता म्या काय करू?”

“घरी जा,” मास्तर दातांतून म्हणाले. “आधी घरी जा.”

शिदबा तिथनंच बाहेर पडला आणि मिळाली ती एसटी धरून गावी गेला. घरी म्हणजे मास्तरांच्या घरी. त्यानं मास्तरीणबाईंना सांगितलं.

“कशानं गेले?” त्यांनी विचारलं.

“इष प्याले.”

“कोण म्हणालं तुला?”

“मास्तर सोता म्हनले.”

मास्तर म्हणाले म्हटल्यावर गावात कोणी शंका घेतली नाही. बायका जमल्या. बांबू आले, कडबा आला, मडकं आलं.

इकडे तालुक्याला पडदा एकदाचा सुटला आणि मिटला. मास्तर उठून पडद्यापुढं येऊन उभे राहिले तेव्हा पाचशे माणसं आधी किंचाळली आणि मग खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवायला लागली. असं मरण तालुक्यानं बघितलं नव्हतं. पाहुण्यांनी मास्तरांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, कपाळाला गुलाल लावला आणि दर वर्षी यायचं आमंत्रण दिलं. तीस वर्षांची इच्छा पुरी झाली होती. मास्तरांना रंग पुसायचंही सुचलं नाही. निळ्या तोंडानं, गळ्यात हार घालून, ते उघड्या टेम्पोत उभे राहून गावाकडे निघाले.

दिवस मावळायच्या आत टेम्पो पिंपळसोंडीत शिरला. मास्तरांना आपल्या दारात सगळं गाव जमलेलं दिसलं. बातमी पोचली वाटतं, त्यांना बरं वाटलं. त्यांनी हात वर केला.

गावानं वर बघितलं आणि गाव पळालं. कोणी उकिरड्यामागं, कोणी गोठ्यात, पोलीस पाटील तर चिंचेवर. मास्तरीणबाईंनी दार आतून लावून घेतलं.

अंगणात एकटा शिदबा उरला. मास्तर दिसल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. तो लगबगीनं पुढं आला आणि त्यानं हात देऊन मास्तरांना टेम्पोतून खाली उतरवलं.

“बरं झालं आलात, मास्तर,” तो म्हणाला. “समदी तयारी झालीया. लोक म्हनत हुते, चला तालुक्याला, मास्तरास्नी उचलून आणू. पर तुम्हास्नी इचारल्याबिगार कसं उचलायचं, म्हणून म्या दुपारपासनं सगळ्यास्नी धरून ठिवलंय. आता तेवढं आडवं व्हा.”